एका गादीवर दोन काका

मी राजघराण्यातली आहे हे मला समजलं तेव्हा मी एसटीत बसले होते, मांडीवर तुरीच्या डाळीची पिशवी होती आणि शेजारची बाई माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होती. वय असेल आठ-नऊ. मुखेडच्या स्टँडवर एक म्हातारा खिडकीपाशी आला आणि त्यानं बाबांना कमरेतून वाकून मुजरा केला. बाबा एवढे ओशाळले की त्यांनी घाईघाईनं शेंगदाण्याची पुडी त्याच्या हातात दिली. ती पुडी माझी होती. म्हणून लातूर येईपर्यंत मी त्यांचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे त्यांनी सांगितलं की खापरपणजोबांकडे निजामाच्या राज्यात परगण्याची देशमुखी होती, चाळीस गावं होती, दारात हत्ती नसला तरी हत्तीचा साखळदंड होता. ती गावं आता कुठे आहेत, मी विचारलं. तिथंच आहेत, बाबा म्हणाले, गावं कुठं जातात.

तर असं आमचं राजघराणं. गढी होती, तिची पांढरी माती गावानं आपापल्या माळवदांवर टाकायला पाटीपाटीनं नेली, आणि उरलेल्या टेकाडावर आता मोबाइलचा टॉवर आहे. टेकाडाच्या पायथ्याशी बाबांनी चार खोल्यांचं स्लॅबचं घर बांधलं. त्यालाच गाव अजून गढी म्हणतं. आई लातूरला शाळेत शिक्षिका, म्हणून मी लातूरला वाढले. बाबा शेतीपायी गावाकडे असायचे आणि शनिवारी एसटीनं आमच्याकडे यायचे.

राज्य उरलं होतं ते फक्त गादीचं. गादी म्हणजे खरोखरची कापसाची गादी, लाल मखमली खोळ घातलेली, तीन बाय सहाची. दसऱ्याला ती बैठकीत अंथरायची, घराण्याच्या वारसानं तिच्यावर बसायचं, कपाळी टिळा लावून घ्यायचा आणि गाव सोबत घेऊन शिवेवर आपट्याची पहिली पूजा करायची. याखेरीज गादीवाल्याला मिळतं काय, तर पोळ्याला पहिला बैल, देवीच्या पालखीला पहिला खांदा आणि लग्नपत्रिकेवर नावाआधी 'श्रीमंत'. तो 'श्रीमंत' वाचला की बाबांना हसू यायचं, कारण पत्रिका येई तेव्हा ते बहुधा बनियनवर विहिरीची मोटार दुरुस्त करत असायचे.

आता एक गुपित सांगते. मी दहा वर्षांची असताना त्या गादीत उंदरांनी संसार थाटला. दसरा चार दिवसांवर, आणि आत गुलाबी पिल्लं. बाबांनी पिल्लं सुपात घालून बांधावर नेऊन सोडली, गादी शेतात जाळली, मला बरोबर घेतलं आणि नांदेड गाठलं. तिथं एका दुकानात त्यांनी पाच-सहा गाद्या दाबून पाहिल्या, मला दोन गाद्यांवर उड्या मारायला लावल्या, आणि मी जिच्यावर जास्त उंच उडाले ती घेतली. येताना ती एसटीच्या टपावर होती. नायगावला कुणीतरी तिच्यावर कोंबड्यांची डालगी ठेवली. घरी आल्यावर जुनी खोळ नव्या गादीवर चढवली आणि बाबा मला म्हणाले, "कुनाला सांगायचं न्हाई. आईला चालंल." मी कुणालाही सांगितलं नाही. राजघराण्यात गुपितं सांभाळावीच लागतात.

मी बावीस वर्षांची असताना बाबा गेले. छातीत दुखतंय म्हणून अंगणात खुर्चीवर बसले आणि आम्ही लातूरहून पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याबद्दल जास्त लिहिता येत नाही, अजूनही. एवढंच सांगते की घराची किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात सापडली, ती आईनं माझ्या हातात दिली, मी पर्समध्ये टाकली आणि ती तिथंच राहिली. शनिवार आला की मी तीच किल्ली घेऊन गावाकडे जायची. त्यांच्या खोलीत बसायची, त्यांच्या वहीत हवापाण्याच्या नोंदी वाचायची, एखादी झोप काढायची आणि रविवारी लातूरला परत. तेव्हा मी एका क्लासमध्ये डॉक्टर होऊ बघणाऱ्या पोरांना बेडकाचं हृदय शिकवत होते. तीन कप्प्यांचं असतं.

वर्षभर सण नव्हता. वर्ष सरलं आणि दसरा जवळ यायला लागला तसा गादीचा प्रश्न उभा राहिला. बाबांना मुलगा नाही, मी एकटी. बाबांच्या मागं दोन भाऊ. थोरले काका नायगावला राहतात, हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, शिस्तीचे, साखरेचे पेशंट. धाकटे काका मुखेडला, खताबियाण्यांचं दुकान, हातात सदैव दोन फोन आणि दोन्हींवर एकाच वेळी बोलणं. थोरले म्हणायचे, थोरल्यानंतर पाठचा, हा सृष्टीचा नियम आहे. धाकटे म्हणायचे, दादा सहा महिने औषधावर असतो, शिवेपर्यंत चालत तरी जाईल का. कुटुंबाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप फुटून दोन ग्रुप झाले. मी दोन्हीकडे होते आणि दोन्हीकडे सकाळी फुलांचे फोटो पाठवत होते.

मी दोन्हीकडे हवी होते याला कारण होतं. आमच्यात नव्या वारसाला पहिला टिळा लावते ती घरची लेक. सून नाही, बायको नाही, पुरोहित नाही, लेकच. आणि दोन्ही काकांना मिळून पाच मुलगे. पाचांच्या जन्माला पेढे वाटले गेले होते, आणि आता एक लेक म्हणून शोधायला गेलं तर सगळ्या घराण्यात मीच. मला फार बरं वाटलं होतं, हे मान्य करते.

पण टिळ्याला एक शेपूट होतं, ते मला आत्याबाईंनी सांगितलं. बाबांच्या थोरल्या बहीण, अर्धापूरला केळीच्या बागाईतदाराकडे दिलेल्या, सत्तरीला टेकलेल्या, तंबाखू खाणाऱ्या आणि कुणाच्या बापाला न भिणाऱ्या. आजोबा गेले तेव्हा बाबा चौदा वर्षांचे होते आणि त्यांना टिळा लावला होता आत्याबाईंनी, एकोणिसाव्या वर्षी. टिळा झाला की घर लेकीपुढे ताटात साडीचोळी ठेवतं. लेकीनं साडीचोळी उचलायची आणि त्याच ताटात घराची किल्ली ठेवायची. त्या घटकेपासून ती घरची नाही, पाहुणी. लग्न झालेलं असो वा नसो.

"माय, लई गोड काम हाय हे," आत्याबाई म्हणाल्या. "टिळा लावताना सगळे तुझ्याकडं बघतेत. साडी उचलली की कुनी बघत न्हाई."

त्या वर्षी दिवाळीनंतर लगेच त्यांचं लग्न लागलं होतं. मी मग आठवून पाहिलं, तर खरंच आत्याबाई आमच्या घरी कधी फडताळ उघडायच्या नाहीत. बाबा ओरडायचे, आक्का, तुझंच घर आहे, घे की. तरी त्या दारात उभं राहून विचारायच्या, वाटी घेऊ का. मला ती त्यांची थट्टा वाटायची.

म्हणजे झालं होतं असं, की कुणाला का असेना, मी टिळा लावला की किल्ली जाणार. कायद्यानं घर आईचं आणि माझं होतं, त्यात शंका नव्हती. पण त्या गावात कागदापेक्षा ताट मोठं. एकदा चार माणसांसमोर किल्ली ताटात ठेवली की पुन्हा ते कुलूप कुठल्या तोंडानं उघडणार होते मी? बाबांची खोली, बाबांची खाट, भिंतीवरच्या खिळ्याला त्यांची टोपी. मला ते हवं होतं. बाकी देशमुखी खुशाल टॉवरवर टांगा.

तोवर प्रचार सुरू झाला होता. थोरले काका लातूरला आले ते कापडात गुंडाळलेली मोठी फ्रेम घेऊन. घराण्याची वंशावळ. स्वतःच्या वळणदार अक्षरात त्यांनी सात पिढ्या लिहिल्या होत्या. मी बाबांचं नाव शोधलं. त्याखाली एक रेघ निघाली होती आणि कोऱ्या जागेत जाऊन थांबली होती. इथं कोण, मी विचारलं. मुलींची नावं लिहायची पद्धत नाही, काका म्हणाले, पण बघ, जागा सोडली आहे. एवढ्या प्रेमानं म्हणाले की मला रागावताही येईना. फ्रेम आईनं कपाटामागं ठेवली.

धाकट्या काकांना कागदावर भरवसा नव्हता, त्यांचा भरवसा फ्लेक्सवर. त्यांनी मुखेडच्या स्टँडवर माझा वाढदिवस लावला. माझा वाढदिवस नव्हता. फोटो दहावीच्या परीक्षेच्या अर्जावरचा, दोन वेण्या आणि ताप आल्यासारखा चेहरा, वर लिहिलेलं 'राजकन्या', खाली हात जोडून काका आणि दुकानातल्या खताच्या तीन कंपन्या. क्लासमधल्या एका विद्यार्थिनीचं गाव तिकडचं होतं. सोमवारी मी वर्गात गेले तर साठ पोरं उभी राहून वाकली. बेडकाचं हृदय त्या दिवशी राहूनच गेलं.

या प्रचारात मी जे केलं ते शहाणपणाचं नव्हतं. थोरले काका फ्रेम देऊन निघताना दारात थांबले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, मग काय ठरलं माय? मी म्हणाले, तुमचंच की काका. तीन दिवसांनी धाकट्या काकांचा फोन आला. त्यांनाही म्हणाले, तुमचंच की. माझा हिशेब सोपा होता. दसऱ्याला दोघं फेटे बांधून येतील, माझी लबाडी कळेल, भांडण होईल, मुहूर्त टळेल आणि गादीचं पुढच्या वर्षावर जाईल. तोवर किल्ली पर्समध्ये. आईनं फोन ऐकला होता. दोन्ही डगरींवर हात ठेवू नये, ती म्हणाली, पडलीस तर मधल्या पाण्यात पडशील. आई भूगोल शिकवते.

दसऱ्याच्या सकाळी मी बैठक झाडली, गादी भिंतीलगत अंथरली, लोड ठेवला. आठ वाजता थोरले काका आले, पांढरंशुभ्र धोतर, गुलाबी फेटा. थेट गादीवर बसले. सव्वाआठला धाकटे काका आले, भगवा फेटा. त्यांनी दादाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, चपला काढल्या आणि दादाच्या शेजारी जाऊन बसले. लोड एकच होता. दोघं त्याच लोडाला अर्धे अर्धे टेकले.

नऊला गुरुजी आले आणि त्यांनी तो देखावा पाहिला. पोरी, तू शब्द कुणाला दिलास, त्यांनी विचारलं. मी खाली बघत म्हणाले, दोघांना. आत स्वयंपाकघरातून आईच्या हातातली पळी पडल्याचा आवाज आला. मला वाटलं आता ठिणगी पडेल, पण गुरुजींना अजून चार घरचे दसरे उरकायचे होते. त्यांनी उभ्या उभ्या निकाल दिला. मुहूर्त पाचचा. मुहूर्ताला गादीवर जो असेल त्याला टिळा. आणि ते निघून गेले.

म्हणजे आता जो उठेल तो हरला. एक साठी ओलांडलेला, एक साठीकडे निघालेला, दोघं मांडीला मांडी लावून बसले, आणि उठेना कुणीच.

दहापर्यंत गावात बातमी गेली. अकरापर्यंत बैठक भरली. लोक येत, दोघांना रामराम करत, भिंतीला टेकून बसत आणि बघत राहत. कुणी थोरल्यांवर पैज लावली, कुणी धाकट्यांवर, हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याला भजी खाऊ घालायची. बहुतेक गाव धाकट्यांच्या बाजूनं होतं, कारण थोरल्यांची साखर सगळ्यांना ठाऊक होती. साखरेच्या माणसाला दर तासाला उठावं लागतं, असं गावाचं शास्त्र. धाकट्यांच्या मुलांनी तोवर आतल्या खोलीतून लांब वायर ओढून त्यांचे दोन्ही फोन चार्जिंगला लावले होते. थोरल्यांनी कमरेमागं लोडाचा जास्त भाग सरकवून घेतला होता.

खरी मजा आत्याबाईंना सुचली. त्या अर्धापूरहून केळ्यांचा अख्खा घड घेऊन आल्या होत्या. मला म्हणाल्या, चहा ठेव. मी चहा केला. आत्याबाईंनी दोन्ही भावांपुढे मोठाले पेले ठेवले आणि समोर बसून प्रेमानं आग्रह केला. धाकटे भिडेला पडून प्याले. अर्ध्या तासानं दुसरा. मग ताक. मग पुन्हा चहा. दुपारी एकच्या सुमारास धाकट्या काकांचा गुडघा हलायला लागला आणि थांबेचना. थोरल्यांनी पेल्याला हात लावला नाही. मी दरवेळी त्यांचा निवलेला पेला उचलून नवा ठेवायची, बिनसाखरेचा आहे काका, म्हणायची, आणि स्वयंपाकघरात जाऊन आत्याबाईंबरोबर तोंडात पदर कोंबून हसायची.

जेवायलाही दोघं उठले नाहीत. धाकट्यांनी ताट मांडीवर घेतलं. थोरले म्हणाले, माझा उपास आहे. मग गादीवर हात फिरवत गावाला सांगू लागले की हा कापूस निजामाच्या वेळचा, बघा, अजून कसा ताठ आहे, अशी गादी आता होणे नाही. धाकट्यांनीही मान डोलावली, ह्या एका बाबतीत दोघांचं एकमत होतं. मी दारात उभी होते. आईनं आतून माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे पाहिलं, आणि आम्हाला दोघींना एकदम नांदेडचं दुकान आठवलं असावं. आई वर्षभरात पहिल्यांदा हसली. आवाज न करता, खांदे हलवत. नवरा गेलेल्या बाईनं टिळ्याच्या वेळी समोर येऊ नये म्हणून तिला सकाळपासून आत बसवलं होतं, त्याचा मला राग होता, पण त्या घटकेला ती आत होती ते बरंच झालं.

चारनंतर थोरले काका बोलायला लागले. आधी पुटपुटले. मग हेडमास्तरांच्या आवाजात म्हणाले, मागचा बाक, उभे राहा. बैठकीत खसखस पिकली. काकांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. पाचनंतर पुन्हा तीन. लोक पोट धरून हसत होते, मी चहाचा ट्रे घेऊन हसत होते, आणि धाकटे काकाही हसत होते. मग त्यांचं हसू थांबलं. सगळ्यांत आधी त्यांचंच थांबलं. त्यांनी दादाच्या हातावर हात ठेवला. हात गार होता आणि घामानं भिजलेला.

"दादा," ते म्हणाले. "गोळी घेतलीस सकाळी? खाल्लं काय त्याच्यावर?"

थोरल्यांनी काही खाल्लं नव्हतं. उठावं लागू नये म्हणून गादीवर बसल्यापासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. साखर उतरवायची गोळी मात्र सकाळी शिस्तीत वेळेवर घेतली होती. त्यांचे डोळे फिरायला लागले आणि ते भिंतीवरून एका बाजूला घसरले.

धाकटे काका उठले. उठले म्हणजे उडालेच. साखर आणा, साखर, असं ओरडत आत घुसले, हाताला लागला तो डबा पेल्यात उपडा केला, परत येऊन दादाचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्या-चमच्यानं साखरेचं पाणी ओठांना लावत राहिले. दादा, गिळ. आरं गिळ की. मधेच आत्याबाईंच्या केळ्याचा लगदा करून जिभेवर ठेवला. त्यांचा फेटा सुटून गळ्यात आला होता. मी ट्रे घेऊन तशीच उभी. ट्रेमध्ये थोरल्या काकांचा पाचवा का सहावा पेला होता, भरलेला. मी दोघांना खोटं बोलले नसते तर हा माणूस असा उपाशी बसला नसता, हे मला तेव्हा कळलं, आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की ट्रे कुठे ठेवावा तेही सुचेना. आत्याबाई भिंतीशी बसून देवाचं नाव घेत होत्या. गावातला कुणी डॉक्टरला आणायला पळाला.

पंधरा-वीस मिनिटांत काकांच्या चेहऱ्यावर रंग आला. डॉक्टर आले, तपासलं, बोटाला सुई टोचून आकडा पाहिला, खाऊ घाला म्हणाले आणि सगळ्यांना मनसोक्त रागावले. थोरल्या काकांनी आजूबाजूला पाहिलं. आपण गादीवर आहोत हे त्यांच्या लक्षात आलं. मग शेजारची जागा रिकामी आहे हे लक्षात आलं.

"तू कामून उठलास?" त्यांनी विचारलं.

धाकटे काका फेटा गुंडाळत होते. "मुतायला," ते म्हणाले.

आणि खरोखरच मागच्या बाजूला निघून गेले. गाव हसलं, पण ते आधीचं हसू नव्हतं. थोरले काका हसले नाहीत. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि ते आमच्यापासून लपवलंही नाही.

पाचला गुरुजी परत आले. धाकटे काका भिंतीशी उभे होते. थोरले त्यांना म्हणाले, तू बस. ते म्हणाले, तू बस. थोरले उठायला गेले, धाकट्यांनी खांदे दाबून खाली बसवलं. सकाळपासून जागेसाठी अडून बसलेले दोघं आता जागा देण्यासाठी हमरीतुमरीवर आले. गुरुजी घड्याळ बघत घसा खाकरत होते. शेवटी धाकटे काका माझ्याकडे वळून म्हणाले, लाव माय दादाला, त्याला आज तसंही उठवायचं न्हाई.

मी टिळा लावला. कपाळ अजून ओलसर होतं, कुंकू थोडं ओघळलं. मी म्हणाले, काका, माझं चुकलं. त्यांनी माझा हात धरून ठेवला. आईला बोलवा बाहेर, ते म्हणाले, आत काय म्हणून बसली आहे. आई बाहेर आली आणि दारापाशी उभी राहिली. कुणी काही म्हणालं नाही. हेडमास्तरांच्या आवाजाचा तेवढा उपयोग होतो.

मग ताट आलं. हिरवी इरकल, लाल काठ, वर खण, खणावर नारळ. दोन्ही काकूंनी मिळून आणलेलं, ग्रुप फुटलेले असताना. माझ्यासमोर ठेवलं आणि सगळ्यांचे डोळे माझ्या पर्सवर आले. मी साडीवरून हात फिरवला. साडी फार सुंदर होती, तिला हात लावून पुन्हा मागं घेणं सोपं नव्हतं. थोरले काका समोर, पांढरेफटक, कपाळी माझ्या हातचं कुंकू, आणि आज त्यांना नाही म्हणायचं म्हणजे पाप वाटत होतं. मी ताट दोन्ही हातांनी धरलं आणि त्यांच्याकडे सरकवलं.

"कमी पडलं का माय?" काकांनी विचारलं. त्यांना खरंच तसं वाटलं होतं.

"न्हाई काका. साडी चांगली हाय. पण मी कुठं चाललेच न्हाई. मग पाठवणी कशाची करून राहिलात?"

गुरुजी म्हणाले, अशी रीत नाही. बैठकीत कुजबुज झाली. मी पर्स छातीशी धरून बसले होते, लहान मूल बाहुली धरतं तशी. थोरल्या काकांनी ताटातला कलंडलेला नारळ सरळ केला. त्यांना त्या घरात राहायचं नव्हतंच, त्यांचं नायगावला चांगलं दोन मजली घर आहे. फक्त असं काही घडू शकतं याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. शेवटी धाकटे काकाच म्हणाले, राहू द्या किल्ली तिच्याजवळ, पुढच्या दसऱ्याला कुलूप उघडून चहा तरी देईल. थोरल्यांनी मान हलवली. चहाचं नाव काढू नको, ते म्हणाले.

वेळ होत होती. गाव उठलं, थोरल्या काकांना धाकट्यांच्या मोटारसायकलवर मागं बसवलं, हलगी वाजायला लागली आणि सगळे शिवेकडे गेले. आई दार लोटून भांडी गोळा करू लागली. बैठकीत मी राहिले, ते ताट राहिलं आणि भिंतीशी आत्याबाई राहिल्या. मला वाटलं त्या माझी पाठ थोपटतील, एखादी चावट गोष्ट सांगतील. त्या सरकत ताटापाशी आल्या. त्यांनी नारळ बाजूला ठेवला, इरकलीची घडी मांडीवर घेतली आणि तिच्या काठावर अंगठा फिरवत बसल्या.

"तुला कुनी शिकवलं हे?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, शिकवणार कोण आत्याबाई, मी नुसतं ताट ढकललं.

"ढकलता येतं व्हय," आत्याबाई म्हणाल्या. "मला वाटलं, घ्यावंच लागतं."